विटांचा सुवर्णदुर्ग

‘सेव्हर्नड्रूग’ हा शब्द दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून पाहा. सेव्हर्नड्रूग, सुवर्नद्रूग, सुवर्णदुर्ग. हर्णैसमोर समुद्रात उभ्या असलेल्या जलदुर्गाचं नाव अठराव्या शतकातल्या इंग्रज खलाशांच्या तोंडून आणि कंपनीच्या कारकुनांच्या टाकातून जाताना असं झालं, आणि लंडनच्या आग्नेयेकडच्या एका झाडीभरल्या टेकडीवर जाऊन बसलं. शूटर्स हिल ही ती टेकडी. तिच्या माथ्याशी ओक आणि बर्चच्या रानात ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’ नावाचा विटांचा तिकोनी मनोरा आहे. इंग्रजी कानाला त्या नावात सेव्हर्न नदी ऐकू येते. दापोली तालुक्यातल्या कुणाला ते नाव फोडून सांगावं लागत नाही.

या मनोऱ्याला वास्तुशास्त्राच्या भाषेत ‘फॉली’ म्हणतात. फॉली म्हणजे वेडेपणा. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या श्रीमंतांनी आपापल्या जमिनींवर अशा इमारती हौसेनं उभ्या केल्या. कुठं मुद्दाम पडकं बांधलेलं देऊळ, कुठं फक्त दुरून दिसावी म्हणून उभारलेली किल्ल्याची एकच भिंत, तर स्कॉटलंडात डनमोरला चक्क दगडी अननस. राहायला नाही, लढायला नाही, धान्य साठवायलाही नाही. मराठीत याला नेमका शब्द नसला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. दिवाळीत अंगणात पोरं दगड-गोणपाटावर माती लिंपून किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात, मावळे मांडतात. त्या किल्ल्यावर कुणी चालून येणार नसतं. तरी बुरूज नीट उभा राहायला हवा आणि दरवाजा योग्य तोंडालाच हवा, यावरून हातघाई होते. सेव्हर्नड्रूग याच जातीचा किल्ला आहे. तो एका विधवेनं नवऱ्याच्या आठवणीसाठी बांधला, एवढाच फरक.

नवऱ्याचं नाव विल्यम जेम्स. वेल्समधल्या पेम्ब्रोकशरचा हा माणूस १७४७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या आरमारात आला आणि १७५१ मध्ये कमोडोर झाला. १७५५ मध्ये त्यानं सुवर्णदुर्ग घेतला आणि १७५९ मध्ये पैसा आणि नाव गाठीला बांधून तो इंग्लंडला परतला. पुढं कंपनीचा संचालक, नंतर अध्यक्ष, पार्लमेंटचा सभासद, १७७८ मध्ये बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरागत ‘सर’. एल्थमला ‘पार्क फार्म प्लेस’ ही त्याची जहागिरी होती. डिसेंबर १७८३ मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी त्याची पत्नी अ‍ॅन हिनं जवळच्या टेकडीवर हा मनोरा उभा केला.

दारावरचा लेख अजून शाबूत आहे आणि भेटीत सगळ्यात जास्त वेळ तिथं द्यावा. त्याचा आशय असा: दिवंगत सर विल्यम जेम्स यांच्या वारसानं ही इमारत १७८४ मध्ये उभारली. पूर्वेकडच्या समुद्रांत कंपनीच्या आरमाराचे प्रमुख असताना त्यांनी केलेल्या कामगिरीच्या, आणि विशेषकरून मलबारच्या किनाऱ्यासमोरचा सेव्हर्नड्रूगचा किल्ला जिंकल्याच्या स्मरणार्थ. तो किल्ला त्यांच्या श्रेष्ठ पराक्रमामुळं आणि कुशल वर्तनामुळं २ एप्रिल १७५५ रोजी पडला.

आता हा लेख कोकणच्या बाजूनं वाचू. ‘मलबारचा किनारा’ म्हणजे इथं कोकण. त्या काळचे इंग्रज मुंबईपासून खाली केरळापर्यंतच्या सगळ्या किनाऱ्याला सरसकट मलबार म्हणत. ही चूक किरकोळ आहे, सोडून देता येते. ‘त्यांच्या पराक्रमामुळं’ हे मात्र सोडून देता येत नाही.

सुवर्णदुर्ग तेव्हा तुळाजी आंग्रे यांच्याकडं होता. कान्होजींनंतर आंग्र्यांच्या घरात वाटण्या झाल्या, त्यात दक्षिणेकडचं आरमार तुळाजींकडं आलं. त्यांचं आणि पेशव्यांचं बिलकूल पटेना. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला, कोकणात त्यांच्या वतीनं रामाजी महादेव काम पाहत होते. समुद्रावर इंग्रजांनी लढायचं, जमिनीवर पेशव्यांच्या फौजेनं, आणि घेतलेले किल्ले पेशव्यांचे, बाणकोट तेवढं इंग्रजांचं. २२ मार्च १७५५ ला जेम्स मुंबईहून निघाला तो ‘प्रोटेक्टर’ हे ४४ तोफांचं जहाज, ‘स्वॅलो’ हे १६ तोफांचं, आणि ‘व्हायपर’ व ‘ट्रायम्फ’ ही बॉम्बगोळे फेकणारी दोन तरांडी घेऊन. वाटेत पेशव्यांची गुराबं आणि गलबतं येऊन मिळाली. म्हणजे ज्या मोहिमेत सातारच्या छत्रपतींच्या पंतप्रधानाची फौज आणि आरमार होतं, तिच्या स्मारकावर त्याचा उल्लेखच नाही. जिंकलेला किल्लाही करारानुसार पेशव्यांकडं गेला, तेही नाही. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गच्या खाडीत आंग्र्यांची जहाजं जळाली आणि मराठी आरमाराचा कणा मोडला. पेशव्यांनी आपल्याच समुद्राचं दार परक्याला उघडून दिलं, असं माझं ठाम मत आहे. शूटर्स हिलवरच्या दगडावर जेम्सचं श्रेय कोरलं आहे. आपल्या वाट्याची चूक आपण वाचायची ती त्या दगडावर न कोरलेल्या भागात.

तारखेचंही तसंच. लढाईच्या जुन्या इंग्रजी वृत्तांतांत २ एप्रिल हा तोफा डागायला सुरुवात झाल्याचा दिवस आहे. त्या दिवशी जेम्सनं समुद्राकडच्या अंगानं मारा केला आणि तो वाया गेला, कारण त्या बाजूचा तट जिवंत कातळातून उठलेला होता. किल्ल्यातून फुटून आलेल्या माणसानं ते रात्री सांगितलं. दुसऱ्या दिवशी जहाजं बेट आणि किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात शिरली. एका अंगाच्या तोफा सुवर्णदुर्गावर, दुसऱ्या अंगाच्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यांवर, अशी दुहेरी लढाई झाली. गवती छपराला आग लागली, ती दारूकोठारापर्यंत गेली, आणि कोठार उडालं. किल्ला पडला तो त्यानंतर. स्मारकानं मात्र पहिला तोफगोळा उडाल्याचाच दिवस पक्का धरला.

लेखापासून दहा पावलं मागं या आणि इमारतीकडं पाहा. आराखडा रिचर्ड जुप याचा. तो ईस्ट इंडिया कंपनीचाच वास्तुतज्ज्ञ होता. लेडनहॉल स्ट्रीटवरचं कंपनीचं भव्य मुख्यालय त्यानं पुढं नव्यानं रचलं, ते १८६१ मध्ये पाडलं गेलं. ही छोटी हौसेची इमारत मात्र टिकली. उंची ६३ फूट. तिकोनी गाभा, तिन्ही कोपऱ्यांना षटकोनी बुरूज, टोकदार गॉथिक कमानींच्या खिडक्या, वर चऱ्या. सुवर्णदुर्गाशी रूपाचं साम्य शून्य. खऱ्या किल्ल्याला उंच मनोरा नाही, विटा नाहीत.

तिकोनी आराखडा लहर म्हणून निवडलेला वाटतो, पण त्यात हिशेब आहे. तेवढ्याच लांबीच्या बाजूंच्या चौकोनी मनोऱ्याच्या मानानं भिंत एक कमी, म्हणजे विटा कमी. कुठल्याही दिशेनं पाहिलं तरी किमान दोन बुरूज नजरेत येतात आणि इमारत आहे त्याहून रुंद भासते. अडचण कोपऱ्यांची. साठ अंशांच्या कोपऱ्यात ना कपाट बसतं ना खुर्ची. षटकोनी बुरुजांनी ते कोपरे गिळून टाकले आणि मधल्या खोल्या वापरण्याजोग्या राहिल्या. डोंगरावरच्या फॉलीचा अर्धा उपयोग खालून दिसण्यात आणि अर्धा वरून पाहण्यात असतो, ते दोन्ही हा आराखडा चोख साधतो.

आणि वरून पाहण्याचा उपयोग फक्त हौसेपुरता राहिला नाही. ग्रीनिच आणि पॅरिस इथल्या वेधशाळांमधलं अंतर त्रिकोणांच्या साखळीनं मोजण्याचं काम जनरल विल्यम रॉय यानं १७८४ ते १७९० या काळात केलं, त्यात हा मनोरा एक ठाणं होता. जेसी रॅम्सडेननं घडवलेला, तीन फूट व्यासाच्या चक्राचा अवजड थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, या छतावर चढवण्यात आला. १८४८ मध्ये लंडनच्या मोजणीसाठी रॉयल इंजिनिअर्सही इथं चढले. टेकडीच सुमारे १३२ मीटर उंच, त्यावर हा मनोरा, त्यामुळं मोजणीदारांना याहून चांगली जागा आसपास मिळाली नसती.

मनोऱ्याचे मालक बदलत गेले. शेजारी बंगले आले नि गेले. उतारावरची पायऱ्यापायऱ्यांची गुलाबबाग ही अशाच एका बंगल्याच्या बागेची उरलेली खूण. १९२२ मध्ये लंडनच्या काउंटी कौन्सिलनं मनोरा विकत घेतला आणि तळाला चहाचं दुकान आलं. १९८६ मध्ये तो ग्रीनिचच्या स्थानिक प्रशासनाकडं आला, आणि १९८८ पासून बंद झाला. खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या.

फळ्या ठोकणं म्हणजे इमारत जपणं नव्हे, हे इथं नीट समजून घ्यावं. फळीनं दगड मारणारी पोरं अडतात आणि वारासुद्धा अडतो. विटा-चुन्याची भिंत पाणी पिते आणि वाऱ्यावर सोडून देते, हाच तिचा जगण्याचा क्रम. वारा तुटला की ओल आत साठते, भिंतीवर लोणा फुलतो, गिलावा पोकळ होऊन सुटतो. बोटाच्या पेरानं ठोकलं तर आवाजावरून पोकळ जागा कळते. त्यानंतर पाळी लाकडाची. तुळईचं टोक भिंतीत गाडलेलं असतं आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते, बाहेरून काही दिसत नाही. चांगला सुतार भिंतीलगत टोच्या घालून पाहतो. टोच्या सहज अर्धा इंच आत गेला तर टोक गेलं समजायचं.

रानातल्या मनोऱ्याला आणखी एक शत्रू असतो, झाडांचा पाला. शरद ऋतूत ओकची पानं सपाट छतावर साठतात आणि पन्हळीचं तोंड बुजवतात. तुंबलेलं पाणी चऱ्यांच्या मागच्या भिंतीत मुरतं. थंडीत तेच गोठून फुगतं आणि विटेचा दर्शनी पापुद्रा उडवतं. अशा छतांवर पूर्वीपासून शिशाचे पत्रे घालतात. शिसं उन्हानं पसरतं, थंडीनं आक्रसतं. पत्रा फार मोठा कापला आणि खिळ्यांनी घट्ट जखडला, तर काही वर्षांत वळी पडून तो तडकतो. म्हणून पत्रे लहान तुकड्यांत घालायचे, दोन पत्र्यांची जोड दुमडून घ्यायची आणि एकच कड पक्की करायची, हा नियम मोडला की गळती ठरलेली. भिंतीत जुन्या लोखंडी पकडी असतील तर त्या गंजून जाड होतात आणि विटांना आतून फोडतात.

सर्वांत जास्त नुकसान मात्र दुरुस्तीनंच होतं. जुन्या विटांच्या दरजा सिमेंटनं भरल्या की काम झालं असं वाटतं, पण सिमेंट विटेपेक्षा घट्ट. भिंतीतलं पाणी दरजेतून निघायचं ते विटेतून निघू लागतं आणि वीट झिजते, दरजा तशीच उभी राहते. काही वर्षांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भिंत दिसते. म्हणून दरजा हातानं, छिन्नी-हातोडीनं मोकळी करायची, रुंदीच्या निदान दुप्पट खोल. यंत्राच्या चकतीनं केली तर विटांच्या कडा जातात. धूळ झाडून, भिंत पाण्यानं ओली करून, एक भाग चुना आणि साधारण तीन भाग चांगली खरबरीत वाळू असा माल दाबून भरायचा. पारा पाच अंशांखाली जाणार असेल तर काम थांबवायचं, कारण गोठलेला चुना धरत नाही. भरल्यावर ओलं गोणपाट टांगून काही दिवस सावकाश वाळू द्यायचं. इंग्लंडात थंडीनं आणि कोकणात कडक उन्हानं, चुना दोन्हीकडं घाईनंच वाया जातो.

सेव्हर्नड्रूग वाचला त्याचं मूळ मात्र चुन्यात नाही. २००२ मध्ये तो कचेऱ्यांसाठी लांब मुदतीच्या भाड्यानं देण्याचा विचार पुढं आला. आसपासच्या रहिवाशांना ते पटलं नाही, त्यांनी २००३ मध्ये विश्वस्त संस्था काढली. २००४ मध्ये मोडकळीला आलेल्या इमारतींच्या दूरचित्रवाणी स्पर्धेत मनोरा उतरवला. तिथं जिंकला नाही, पण देशभर ठाऊक झाला. मग वर्षानुवर्षं आराखडे, अर्ज, देणग्या, राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून मोठा वाटा, आणि जुलै २०१४ मध्ये तो पुन्हा उघडला. बंद झाल्यापासून २६ वर्षांनी. तळाला पुन्हा चहा आला, वरच्या खोल्या लग्नं आणि छोट्या समारंभांना भाड्यानं मिळू लागल्या, माथ्यावरचा सज्जा सर्वांना खुला झाला. दारावर तिकीट फाडणारे, चहा देणारे, माहिती सांगणारे बहुतेक स्वयंसेवक. नेमानं कुणीतरी दार उघडतं, खिडकी उघडतं, पन्हळीतला पाला काढतं. इमारतीला यापेक्षा मोठं औषध नाही.

जायचं तर आधी उघडण्याचे दिवस आणि वेळ पाहून घ्या. रोज उघडा नसतो, समारंभ असला तर वर जाता येत नाही. शूटर्स हिल रस्त्यावरून जाणाऱ्या ८९ आणि ४८६ क्रमांकाच्या बसनं टेकडीवर उतरलं की रानातली वाट थोड्याच वेळात मनोऱ्याशी नेते. पायी यायचं असेल तर लंडनभोवतीच्या ‘कॅपिटल रिंग’ या पायवाटेचा पहिला टप्पा, वूलिचपासून फाल्कनवूडपर्यंतचा, थेट मनोऱ्याच्या पायाशी येतो. पावसानंतर वाट चिखलाची असते, चामडी बूट नकोत. वर ८६ पायऱ्या आहेत. जिना अरुंद, समोरून कुणी आलं तर एकानं थांबावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यानं उतरताना भिंतीचा आधार घ्यावा. स्वच्छ दिवशी वायव्येला शहरातल्या उंच इमारती, उत्तरेला थेम्सचं वळण, दक्षिणेला नॉर्थ डाउन्सच्या टेकड्या दिसतात. पानगळीनंतरची सकाळ त्यासाठी उत्तम. उतरल्यावर ऑक्सलीज वूडमधून अर्धा तास चाला. हे रान हजारो वर्षांचं जुनं आहे आणि १९९३ मध्ये त्यातून जाणारा मोठा रस्ता लोकांनीच रोखला.

मराठी माणसानं मात्र ही भेट अर्धीच धरावी. दुसरी अर्धी हर्णैला आहे. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्यं’ या नावानं १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत सुवर्णदुर्ग आहे. तेव्हा आता तिथं वर्दळ वाढेल, तिला वळण लावायची हीच वेळ. लंडनच्या मनोऱ्यात ओक पाला टाकतो, इथं उंबर-पिंपळाची मुळं तटाच्या सांध्यात शिरतात. रोप बोटाएवढं असतानाच काढलं तर दगड हलत नाही. मनगटाएवढं झालं की ओढून काढणं हाच धोका, कारण मुळांबरोबर चिरे निघतात. तेव्हा खोड कापून, मूळ आतल्या आत मारून, मगच सांधा भरावा लागतो. वाट मोकळी करायच्या नादात चिरे हलवू नयेत, पडलेला चिरासुद्धा जागच्या जागी ठेवावा. तो कुठून निखळला ते फक्त त्याच्या जागेवरूनच कळतं.

पावसाळ्यात होड्या बंद. दसऱ्यानंतर समुद्र निवळला की हर्णै बंदरातून होडी मिळते. ओहोटी-भरतीची वेळ नाखव्यालाच विचारावी, त्याच्या शब्दापलीकडं हट्ट धरू नये. बेटावर धक्का नाही. उतरताना पाण्यात पाय घालावा लागतो, म्हणून घोट्याला घट्ट बसणारी वहाण हवी, आणि प्यायचं पाणी आपलं आपण न्यावं. आतली टाकी पाहण्यासाठी आहेत, पिण्यासाठी नाहीत. काटेरी झुडपांतून जायचं तर पूर्ण बाह्यांचे कपडे बरे. महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत असा दडवलेला आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. पायरीवर कासव कोरलेलं आहे, शेजारच्या भिंतीवर मारुती.

हा दरवाजा पूर्वेला, किनाऱ्याकडं तोंड करून आहे. म्हणजे बंदरातून निघालेली होडी जे चिंचोळं पाणी ओलांडते, ते ३ एप्रिल १७५५ ला ‘प्रोटेक्टर’ शिरलं तेच. मध्यावर आल्यावर नाखव्याला क्षणभर होडी थांबवायला सांगा. एका हाताला सुवर्णदुर्गाचा तट, दुसऱ्या हाताला गोवा किल्ला, फत्तेगड आणि दीपगृहाचा कनकदुर्ग. दोन्ही बाजूंच्या भिंती एका नजरेत येतात.